चाळीस जणांची मोट

संगणकावरच्या खेळांविषयी आपल्याकडे बोलणं निघालं की ते बहुतेक वेळा एका वाक्यात संपतं: मुलं वाया चालली आहेत. त्या वाक्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत जागा दिली, ती काही उगीच नव्हे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेनं २०२५ मध्ये केला, त्यालाही कारणं होती. पण आज मला बोलायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीविषयी. एकमेकांना कधी न पाहिलेली, निरनिराळ्या गावांतली आणि देशांतली तीस-चाळीस माणसं एखाद्या खेळात एकत्र येतात, आपली एक संघटना काढतात, तिला नाव देतात, नियम लिहितात, खजिनदार नेमतात, भांडतात, फुटतात आणि काही वेळा दहा-दहा वर्षं टिकतातही. अशा संघटनेला खेळाडू ‘गिल्ड’ म्हणतात. ती काढायची कशी, वाढवायची कशी आणि बहुतेक गिल्ड मोडतात त्या कशामुळे, हा आजचा विषय.

गिल्ड हा शब्द मध्ययुगीन युरोपातला, कारागिरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या संघांसाठीचा. आपल्याकडे अशा संघांना ‘श्रेणी’ म्हणत. नाशिकच्या पांडवलेण्यांपैकी दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्यानं भिक्षूंच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापण गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमचे ठेवले. दोन हजार दरमहा शेकडा एक या व्याजानं आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण या दरानं. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढं वापरायचं. राजाच्या जावयानं आपला पैसा विणकरांच्या हवाली करावा, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्या श्रेणीची पत किती असेल! खेळातल्या गिल्डचा प्रश्नही शेवटी पतीपाशीच येतो, ते पुढे दिसेलच.

उदाहरण म्हणून मी एकच खेळ घेतो, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. ब्लिझर्ड या कंपनीनं तो नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत आणला. आपल्याकडे तो फारसा रुजला नाही. दरमहा भरायची वर्गणी आणि त्या काळातलं आपलं इंटरनेट, दोन्ही आडवी आली. पण गिल्ड म्हणजे काय ते या खेळात जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच दुसरीकडे दिसत असेल. पडद्यावर एक अफाट प्रदेश आहे, त्यात जंगलं, शहरं, गुहा, राक्षस. प्रत्येक खेळाडूचं एक पात्र असतं: कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी धर्मोपदेशक. हजारो लोक एकाच वेळी त्याच प्रदेशात वावरत असतात.

या खेळात गिल्ड काढणं अगदी सोपं. मोठ्या शहरात जायचं, तिथल्या कारभाऱ्याकडून दहा चांदीच्या नाण्यांना एक सनद विकत घ्यायची आणि तिच्यावर आणखी नऊ खेळाडूंच्या सह्या मिळवायच्या. सही करणारा दुसऱ्या गिल्डचा सभासद असता कामा नये, एवढीच अट. सनद परत नेऊन दिली की झाली गिल्ड. आणखी थोडं सोनं मोजलं तर अंगावर मिरवायला बोधचिन्हाचा अंगरखाही मिळतो. दहा चांदी ही किरकोळ रक्कम; पण नऊ सह्या नवख्याला जड जायच्या. मग काय व्हायचं? लोक शहराच्या चौकात उभं राहून पुकारा करायचे, सही द्या आणि सोन्याचं नाणं घ्या. सह्या मिळायच्या, गिल्ड स्थापन व्हायची, आणि पैसे घेऊन सही केलेली मंडळी संध्याकाळपर्यंत बाहेर पडलेली असायची. संस्थापक आपल्या नव्या कोऱ्या अंगरख्यात एकटाच उभा. पुढे कंपनीनं ही अट नऊवरून चारवर आणली. मला विचाराल तर नऊच बरी होती. ज्याला ओळखीचे नऊ जण जमवता येत नाहीत त्यानं अजून महिनाभर इतरांबरोबर खेळावं, मदतीला धावून जावं, चार लोकांना आपलं नाव माहीत होऊ द्यावं आणि मग सनद घ्यावी.

सनद घेण्याआधी आणखी एक गोष्ट ठरलेली हवी: आपल्याला करायचं काय आहे? प्रश्न बाळबोध वाटतो, पण निम्मी भांडणं इथूनच निघतात. अमेरिकेतल्या पालो आल्टो संशोधन केंद्रातले निकोला दुशेनो, निक यी आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये याच खेळावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांना असं दिसलं की हा खेळ एकत्र खेळायचा म्हणून प्रसिद्ध असला तरी लोक बराचसा वेळ एकट्यानंच खेळतात. भोवती माणसं असावीत, कुणी पाहणारं असावं, अधूनमधून दोन शब्द बोलावेत, एवढंच त्यांना हवं असतं. बागेत एकटे फिरायला जाणारे लोक असतात ना, तसंच. त्यांना फिरायचं एकट्यालाच असतं, पण रिकाम्या बागेत ते जाणार नाहीत.

आता अशी माणसं आणि आठवड्यातून तीन रात्री चार-चार तास लढायला उत्सुक असलेली माणसं एकाच गिल्डमध्ये आली तर पहिल्यांना दुसरी जाचक वाटतात आणि दुसऱ्यांना पहिली आळशी. दोघांचंही चूक नसतं. म्हणून गप्पांची गिल्ड की मोहिमांची गिल्ड, हे पहिल्या दिवशी लिहून ठेवावं, आणि मोहिमांची असेल तर वार आणि वेळही लिहावी. ‘जमेल तेव्हा जाऊ’ म्हणणाऱ्या गिल्डचं कधीच जमत नाही.

मोहीम म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं. सुरुवातीच्या काळात ‘मोल्टन कोअर’ नावाची लाव्हारसानं भरलेली एक गुहा होती. तिच्यात एकाच वेळी चाळीस खेळाडू जाऊ शकत, आणि सुरुवातीला तर तेवढ्यांशिवाय निभावही लागत नसे. आत एकामागून एक असे दहा बलाढ्य शत्रू, सगळ्यात शेवटी रॅग्नरोस हा अग्निदैत्य. जगातल्या पहिल्या गिल्डला त्याला हरवायला खेळ निघाल्यापासून पाच महिने लागले. या चाळिसांत कामं वाटलेली असतात. काही जण ‘टँक’, म्हणजे शत्रूचे घाव स्वतःवर घेणारे. दहा-बारा जण ‘हीलर’, जखमा भरून काढणारे. उरलेले सगळे मारा करणारे. टँक पडला की शत्रू बाकीच्यांवर उलटतो आणि अर्ध्या मिनिटात चाळीसही आडवे होतात. मग चालत परत यायचं, सगळी तयारी नव्यानं करायची आणि पुन्हा भिडायचं. एका रात्रीत असं आठ-दहा वेळा होणं ही सर्वसाधारण गोष्ट.

मे २००५ मध्ये लीरॉय जेंकिन्स नावाच्या पात्राची एक चित्रफीत जगभर पसरली. सगळे गंभीरपणे लढाईचा आराखडा आखताहेत, यशाची टक्केवारीसुद्धा काढताहेत, आणि हा पठ्ठ्या स्वतःचं नाव ओरडत एकटाच आत घुसतो. मागोमाग सगळे धावतात आणि सगळे मरतात. तो प्रसंग मुद्दाम रचलेला होता हे नंतर स्पष्ट झालं. पण ज्यानं ज्यानं मोहीम चालवली आहे त्याला त्यात आपल्या गिल्डमधलं कुणीतरी दिसलंच.

चाळीस जण ठरल्या वेळी हजर हवे असतील तर यादीत पन्नास-पंचावन्न लागतात. कुणाची परीक्षा, कुणाचं मूल आजारी, कुणाची वीज गेलेली. आणि ज्या रात्री नेमके पंचेचाळीस येतात त्या रात्री पाच जणांना बाहेर बसावं लागतं. नवे पुढारी चुकतात ते बहुतेक इथे. जे आत गेले त्यांचं कौतुक होतं. जे तीन तास दाराशी थांबून राहिले, गरज लागली तर आत यायला, त्यांची आठवण कुणाला राहत नाही. दोन-तीन आठवडे असं झालं की तो माणूस काही न बोलता निघून जातो. चांगल्या गिल्ड बाहेर बसणाऱ्यांचीही हजेरी मांडतात, आणि पुढच्या वेळी बाहेर बसायची पाळी दुसऱ्याची लावतात.

नवे सभासद घेण्याचे दोन मार्ग. दिसेल त्याला आमंत्रण पाठवायचं, किंवा अर्ज घ्यायचा, काही दिवस बरोबर खेळवून पाहायचं आणि मग कायम करायचं. पहिल्यानं यादी फुगते, पण त्या यादीतली माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, त्यामुळे कुणी गेलं तरी कुणाला काही वाटत नाही. दुसरा मार्ग धीमा, पण तोच चालतो. एका वेळी चार-पाच जणांहून अधिक नवे घेऊ नयेत. आणि प्रत्येक नव्या माणसाला जुन्यांपैकी एकाच्या हाती सोपवावं, म्हणजे त्याला विचारायला कुणी असतं. एकमेकांचा आवाज ऐकू येणं हेही फार महत्त्वाचं. पूर्वी त्यासाठी व्हेंट्रिलो, टीमस्पीक असे प्रोग्रॅम वापरत, २०१५ पासून डिस्कॉर्ड आला. आवाज ऐकला की पात्रामागचा माणूस कळतो, आणि कळलेल्या माणसाला फसवणं थोडं अवघड जातं.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. राक्षस मेला. चाळीस जणांनी जल्लोष केला. आणि त्याच्या प्रेतापाशी वस्तू निघाल्या दोन-चार. एक तलवार, एक चिलखत, एखादी अंगठी. उरलेले छत्तीस-सदतीस जण रिकाम्या हातानं परतणार. शिवाय ती वस्तू एकदा कुणी उचलली की त्याच्या पात्राला कायमची चिकटते, दुसऱ्याला देता येत नाही. राक्षस आठवड्यातून एकदाच मारता येतो, आणि हवी ती तलवार पुढच्या आठवड्यात निघेलच असं नाही. आता सांगा, ती कुणाला द्यायची? ज्याला तिचा सर्वांत चांगला उपयोग होईल त्याला, की जो सहा महिने न चुकता आला त्याला, की फासे टाकून ज्याचं नशीब असेल त्याला? पुढाऱ्याच्या मित्राला मिळाली तर ती त्याच्या लायकीनं मिळाली हे कुणाला पटणार? मोहीम हरल्यामुळे मोडलेल्या गिल्ड थोड्या, जिंकल्यानंतर वाटणीवरून मोडलेल्या पुष्कळ.

यावरचा तोडगा वॉरक्राफ्टच्याही आधीचा. १९९९ मध्ये निघालेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळात ‘आफ्टरलाइफ’ नावाच्या गिल्डनं एक पद्धत बसवली. त्या खेळात लेडी व्हॉक्स आणि लॉर्ड नागाफेन असे दोन प्रसिद्ध ड्रॅगन होते, म्हणून पद्धतीचं नाव पडलं ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’, संक्षेपानं डीकेपी. नाव भारदस्त असलं तरी मुळात हा हजेरीपट. मोहिमेला आलात, इतके गुण जमा. वेळेवर आलात, आणखी काही. वस्तू निघाली की ज्याला हवी तो आपले गुण मोडून ती घेणार. कधी ठरलेल्या किमतीला, कधी लिलावानं. हिशेब सगळ्यांना दिसेल असा मांडलेला. कंपनीनं ही पद्धत दिलेली नव्हती, तिच्यामागे कुठला कायदा नव्हता. खेळाडूंनी ती आपसांत ठरवली, आणि सगळे मानतात म्हणून ते गुण म्हणजे चलन झालं.

आणि चलन म्हटलं की चलनाचे रोग आले. जुने सभासद गुण साठवून ठेवू लागले. नवा माणूस कितीही निष्ठेनं आला तरी दोन वर्षांची शिल्लक असलेल्या माणसापुढे त्याचा लिलावात पाड लागेना. त्यावर काही गिल्डनी गुणांना ‘झीज’ लावली; दर आठवड्याला शिल्लक गुणांतले काही टक्के आपोआप कमी. मग जुने रागावले, आमच्या घामाचे गुण तुम्ही खाता म्हणून. काहींनी गुणच काढून टाकले आणि नुसती एक यादी केली: वरच्यानं आधी घ्यायचं, आणि घेतलं की तळाशी जायचं. भिशीच्या जवळ जाणारी ही पद्धत लहान गिल्डला चांगली मानवते. आणखी काहींनी सगळा अधिकार चार-पाच जणांच्या मंडळाला दिला. गिल्डच्या ताकदीच्या दृष्टीनं हीच पद्धत सर्वांत उत्तम, कारण वस्तू योग्य हातात पडते. पण तिला लागतं ते मंडळ निःस्पृह, आणि निःस्पृह असून भागत नाही, तसं दिसावंही लागतं. माझ्या मते नव्या गिल्डनं मंडळाच्या वाटेला जाऊ नये. आधी उघडा हिशेब ठेवावा, विश्वास बसला की मग मंडळ. ब्लिझर्डनं २०१८ मध्ये वाटपाचा अधिकारच गिल्डकडून काढून घेतला आणि ज्याची त्याला वस्तू परस्पर देण्याची व्यवस्था केली. भांडणं कमी झाली, हे खरं. पण आपण मिळवलेलं आपणच वाटायचं ही गिल्डची जबाबदारीही गेली, आणि पुष्कळ जुन्या खेळाडूंना ते रुचलं नाही. २०२२ मध्ये निघालेल्या आवृत्तीबरोबर मोहिमांतली सामायिक लूट परत आली.

गिल्ड वाढवण्याविषयी सगळे बोलतात, लहान करण्याविषयी कुणी बोलत नाही. जानेवारी २००७ मध्ये वॉरक्राफ्टची नवी आवृत्ती आली, तिच्यात मोठ्या मोहिमा चाळिसांऐवजी पंचविसांच्या झाल्या आणि त्यांच्या आधीची ‘काराझान’ ही पायरी फक्त दहा जणांची. आता चाळीस जणांच्या गिल्डनं काय करायचं? आणि पंचविसांच्या गिल्डनंही काय करायचं? दहा-दहाच्या दोन तुकड्या केल्या तर पाच जण उरतात. तीन करायच्या तर पाच कमी पडतात. त्यातून एक तुकडी पुढे जाते, दुसरी मागे राहते, आणि पहिल्या आठवड्यापर्यंत मित्र असलेली माणसं ‘त्यांची तुकडी’ आणि ‘आमची तुकडी’ म्हणू लागतात. त्या वर्षी कित्येक नावाजलेल्या गिल्ड फुटल्या. कुणाचं कुणाशी वैर नव्हतं. भागाकार बरोबर येत नव्हता.

आता पैशाचं. सुरुवातीला वॉरक्राफ्टमध्ये गिल्डला स्वतःची तिजोरी नव्हती. मग एखादा सभासद एक जादा पात्र काढायचा, त्याला लढाईवर कधी पाठवायचं नाही, बँकेच्या दाराशी उभं करून ठेवायचं आणि सगळ्यांचा माल त्याच्याकडे. तो सभासद उद्या रुसून गेला तर तिजोरी त्याच्याबरोबर जायची. नोव्हेंबर २००७ मध्ये कंपनीनं गिल्डची बँक दिली. तिच्यात कोणत्या हुद्द्याच्या माणसानं कोणता कप्पा उघडायचा, दिवसाला किती काढायचं, हे ठरवता येतं, आणि कुणी काय काढलं याची नोंद राहते. नवा पुढारी आनंदाच्या भरात सगळ्या मित्रांना सगळे अधिकार देऊन टाकतो. तसं करू नये.

किती अनर्थ होऊ शकतो याचं उदाहरण ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातल्या खेळात घडलं. आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा हा २००३ मधला खेळ. त्यात ‘बँड ऑफ ब्रदर्स’ नावाची बलाढ्य युती होती, तिचं अंतराळातल्या मोठ्या प्रदेशावर राज्य होतं. फेब्रुवारी २००९ मध्ये तिच्या संचालकांपैकी एक जण ‘गूनस्वार्म’ या शत्रूपक्षाला जाऊन मिळाला. युती बरखास्त करण्याचा अधिकार त्याच्या हुद्द्यात होता. त्यानं तो वापरला. एकही तोफ न डागता युती संपली, तिच्या नावावरचा प्रदेश उघडा पडला, आणि ते नावही शत्रूनं स्वतःकडे नोंदवून घेतलं. कंपनीनं ते उलटवलं नाही, कारण नियमांत बसणारी फितुरी हा त्या खेळाचाच भाग मानला जातो.

आपल्याकडच्या मुलांना हे सगळं भेटलं ते मोबाइलवर आणि ‘क्लॅन’ या नावानं. २०१२ मध्ये निघालेल्या ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’मध्ये एका क्लॅनला पन्नास सभासदांची मर्यादा आहे, पुढारी, सहपुढारी, ज्येष्ठ आणि साधा सभासद असे चार हुद्दे. २०१४ मध्ये त्यात क्लॅनची युद्धं आली: एक दिवस तयारीचा, एक लढाईचा, प्रत्येकाला दोन हल्ले. युद्धात नाव घालून हल्लाच न करणारा माणूस हे तिथलं नेहमीचं दुखणं. आपल्या घरातली मुलगी किंवा मुलगा असा क्लॅन चालवत असेल तर रागावण्याआधी एकदा जवळ बसून विचारावं, तुमच्यात कोण कोण आहे, न येणाऱ्याचं तुम्ही काय करता? उत्तरावरून बरंच कळतं. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूनं २००८ मध्ये या खेळांना पुढारीपणाची प्रयोगशाळा ठरवणारा लेख छापला होता. ते मला थोडं जास्तच वाटतं. गिल्ड चालवणारा प्रत्येक जण उद्याचा व्यवस्थापक होतो असं काही नाही. तिथे पगार नसतो आणि माणूस कधीही उठून जाऊ शकतो, हा फरक मोठा आहे. पण त्यामुळेच तिथे माणसं धरून ठेवणं जास्त कठीण.

ती का धरून राहतात, याचं एक उदाहरण नॉर्वेतलं आहे. मॅट्स स्टीन या तरुणाला डुशेन नावाचा स्नायूंचा दुर्धर आजार होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी तो गेला. आईवडिलांना वाटत होतं की मुलगा एकटाच खोलीत खेळत बसला आणि मित्रांवाचून गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी लिहिली, आणि निरनिराळ्या देशांतून पत्रं येऊ लागली. वॉरक्राफ्टमध्ये तो ‘इबेलिन’ या नावानं ‘स्टारलाइट’ नावाच्या गिल्डमध्ये वर्षानुवर्षं होता. कुणाला त्यानं निराशेच्या काळात धीर दिला होता, एका आईला अबोल मुलाशी बोलायची वाट दाखवली होती. गिल्डमधले काही जण परदेशातून अंत्यविधीला आले. ‘द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन’ हा २०२४ मधला माहितीपट त्याच्यावरच आहे. स्टारलाइट ही मोठमोठे राक्षस मारून नाव कमावणारी गिल्ड नव्हती. गप्पा मारायच्या, आपापल्या पात्रांच्या गोष्टी रचायच्या, एवढंच तिचं काम.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. गिल्डचा पुढारी एकच असतो, आणि बरखास्तीचा अधिकार फक्त त्याचा. पुढारी कंटाळतो, नोकरी बदलते, लग्न होतं, मूल होतं. तो न सांगता यायचा बंद झाला की गिल्ड अडकून पडते: नव्यांना कायम कोण करणार, तिजोरीचे अधिकार कोण बदलणार? तेव्हा पहिल्या सहा महिन्यांतच एकाला हाताशी धरून हिशेब, वेळापत्रक, नव्यांची चौकशी हे सगळं शिकवून ठेवावं. आणि जायची वेळ आली की सभा बोलावून, सगळ्यांसमोर पुढारीपण त्याच्या नावावर करावं. खेळात त्यासाठी एका ओळीची आज्ञा आहे. ती दिली की जुना पुढारी खालच्या हुद्द्यावर येतो, आणि वाटलं तर शनिवारी रात्री साधा सभासद म्हणून मोहिमेला जाऊ शकतो.